दारातली थंडी : ऐरोलीहून लाँगइयरब्येनला गेलेल्या एका बॅगेचं प्रकरण

माझी भाची, वय सव्वीस, राहणार ऐरोली, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली. वाशीच्या एका हॉटेलात तीन वर्षं किचनमध्ये काढल्यावर तिला नॉर्वेच्या उत्तरेला, ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येन गावात मोसमी काम मिळालं. हॉटेलचं स्वयंपाकघर, फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. गाव ७८ अंश उत्तर अक्षांशावर, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. तिकिटावर सामानाची मुभा २३ किलोची एक बॅग आणि हातातलं ८ किलो. एवढ्यात साडेतीन महिन्यांचा संसार बसवायचा होता.

बॅग माझ्याकडे आली, कारण मी तुर्भ्याला एमआयडीसीत एका कोल्ड स्टोरेजमध्ये बावीस वर्षं मेंटेनन्स बघतो आणि घरात थंडी या विषयातला जाणकार मीच धरला जातो. ताईचा फोन आला, "तू रोज उणे वीसमध्ये जातोस ना, मग तूच सांग हिला काय काय लागेल ते." मी हो म्हणालो. त्या हो म्हणण्यातली निम्मी ऐट पुढे उतरली, ती कशी ते येईलच.

आधी कागदपत्रांचं उरकतो, कारण त्यात एकच गोम आहे आणि तिथे लोक फसतात. स्वालबार्डला जायला, राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. १९२० च्या करारामुळे ती बेटं नॉर्वेची असली तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहेत. पण विमान जातं ओस्लोवरून किंवा ट्रॉम्सोवरून, आणि तिथे उतरायचं तर भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. तोही दोन प्रवेशांचा. कारण स्वालबार्डहून परत निघालं की आपण शेंगेनमध्ये नव्याने शिरतो. एकच प्रवेश असलेला व्हिसा घेतला तर माणूस पोचतो खुशाल, परतताना अडकतो. भाचीने पहिल्या अर्जात नेमकी हीच चूक केली होती. भाऊजींनी अर्ज पुन्हा वाचला म्हणून सापडली. भाऊजी पोस्टातून निवृत्त झालेत, कुठलाही फॉर्म ते दोनदा वाचतात.

पहिली बांधणी

डिसेंबरातल्या एका रविवारी ताईच्या हॉलमध्ये सगळं सामान मांडलं. आजीने, म्हणजे माझ्या आईने, दोन विणलेले मोजे आणि एक कानटोपी आणली होती. ताईने मनालीच्या सहलीचं जाड जॅकेट काढलं. भाऊजींनी स्वतःचे दोन लोकरी स्वेटर दिले, पोस्टात असतानाचे, घट्ट विणीचे. शिवाय एक रजई, चार टॉवेल, सहा कॉटनच्या बनियन, दोन जीन्स, किचनचे पांढरे कोट, बूट, मसाले. आणि तिचे ठाण्याच्या येऊर डोंगरातल्या पावसाळी भटकंतीचे रेनकोट-पँट. भाची दर जुलैत येऊरला जाते, तो जोड तिच्या बॅगेत असाच पडलेला असतो.

दुसऱ्या दिवशी ती भरलेली बॅग आमच्या माल चढवायच्या डॉकवरच्या काट्यावर ठेवली. ३१ किलो ४०० ग्रॅम.

बॅग जड झाल्याचं मला विशेष वाटलं नाही. मला खटकलं ते वेगळंच. त्या बॅगेतली जवळजवळ प्रत्येक वस्तू "थंडीत उभं राहायचं" म्हणून घेतलेली होती. ती मुलगी थंडीत उभी राहायला चाललीच नव्हती. ती दिवसाचे आठ-नऊ तास भट्टीसमोर उभी राहणार होती, आणि मग दार उघडून बाहेर पडणार होती.

आमच्या धंद्यात नवशिक्याला वाटतं की त्रास चेंबरच्या, म्हणजे गोठवणाऱ्या खोलीच्या, आत असतो. आत काहीच होत नाही. वाटाण्याची पोती सहा महिने निवांत पडून राहतात. सगळी कटकट दारात. बाहेरची ओली हवा आत शिरते, चौकटीवर बर्फ धरतो, दार चिकटतं, म्हणून चौकटीत हीटरची तार घालावी लागते. दाराजवळची फरशी निसरडी होते. लोडर घामेजून आत येतो, पाच मिनिटं थांबतो आणि कुडकुडतो. जे आजारी पडतात ते सतत आत-बाहेर करणारेच. भाचीचं कामही तसंच होतं : २२ अंशांतून उणे १५ मध्ये, परत २२ मध्ये, दिवसातून चारदा. तेव्हा बॅग दारासाठी बांधायची, असं मी ठरवलं. हा विचार बरोबर होता, आजही मला बरोबरच वाटतो. माझी चूक दुसरीकडे झाली.

एका ईमेलने उतरलेलं वजन

बॅगेतून काही काढण्याआधी भाचीला म्हटलं, हॉटेलवाल्यांना विचार. तिला संकोच वाटत होता. "मामा, जॉइन व्हायच्या आधीच कसले प्रश्न विचारायचे? त्यांना वाटेल नाटकी आहे." मी म्हटलं, जो प्रश्न तू आज विचारणार नाहीस तो तुला तिथे अडीच किलो होऊन भेटेल. मग तिने सहा प्रश्नांची मेल पाठवली : खोलीत अंथरूण-पांघरूण मिळतं का, टॉवेल मिळतात का, किचनचे कपडे कोण देतं, ओले कपडे-बूट वाळवायची सोय आहे का, स्टाफच्या स्वयंपाकघरात शेगडी कसली आहे, आणि स्नो स्कूटरवरून कुठे नेलं तर त्याचा सूट मिळतो का.

दोन दिवसांत उत्तर आलं. पांघरूण आहे, टॉवेल आहेत, किचनचे कोट-पँट हॉटेलचे. शेगडी इंडक्शन. वाळवायचं कपाट प्रत्येक मजल्यावर. स्कूटरचा सूट, बूट, हेल्मेट भाड्याने देणाऱ्यांकडून मिळतं.

रजई, टॉवेल, पांढरे कोट बाहेर : ४ किलो २०० ग्रॅम कमी. ॲल्युमिनियमचा छोटा कुकर ताई हळूच घालणार होती, तो इंडक्शनवर चालणार नाही म्हणून आधीच वाचला. आणि वाळवायच्या कपाटामुळे कपड्यांची संख्याच बदलली. आपण पावसाळ्यातला हिशेब करतो, दोन अंगावर, दोन दोरीवर, दोन कपाटात. जिथे रात्रीत लोकर वाळते तिथे आतल्या कपड्यांचे दोन जोड पुरतात. आता काट्यावर २७ किलो २००.

तुर्भ्याची चाचणी

आमच्या साहेबांची परवानगी घेऊन जानेवारीतल्या दोन रविवारी भाचीला चेंबरमध्ये नेलं. उणे २० अंश. सुरक्षेचा नियम आमचा साधा आहे, एकटं आत जायचं नाही आणि अर्ध्या तासाच्या वर थांबायचं नाही. मी दाराशी घड्याळ घेऊन, तिच्याबरोबर आमचा एक जुना लोडर.

पहिली फेरी ताईच्या यादीप्रमाणे. कॉटनची बनियन, टीशर्ट, भाऊजींचे दोन्ही स्वेटर, वर मनालीचं जॅकेट. तिला वीस मिनिटं मटारचे खोके एका पॅलेटवरून दुसऱ्यावर लावायला सांगितले, मग दहा मिनिटं नुसतं उभं राहा म्हटलं. खोके लावताना ती लालबुंद, जॅकेटची चेन उघडायला निघाली. उभं राहिल्यावर चौथ्या मिनिटाला दात वाजायला लागले. बाहेर आली तेव्हा बनियन पिळून निघेल इतकी ओली. कापूस घाम पितो आणि धरून ठेवतो. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेतं. तेव्हा ओली बनियन म्हणजे अंगाला लावलेला कूलिंग कॉइलच. आमचा लोडर हे न शिकता जाणतो. तो कॉटन घालतच नाही, नायलॉनचा जुना फुटबॉलचा टीशर्ट घालतो.

दुसरी फेरी पुढच्या रविवारी. अंगाला चिकटून मरिनो लोकरीचं पातळ थर्मल, त्यावर एक फ्लीस, म्हणजे मऊ कृत्रिम लोकरीचं हलकं जाकीट, वर वारा अडवणारं जॅकेट. वजनाला हे सगळं पहिल्या संचाच्या निम्मं. तेच खोके, तीच दहा मिनिटं. नाक लाल झालं, बाकी काही नाही. "मामा, हे तर कमी जाड आहे," तिला पटेना. थर्मल हातात धरून बघ म्हटलं. दमट होतं, ओलं नव्हतं.

भाऊजींचे स्वेटर आणि एक जीन्स त्याच संध्याकाळी यादीतून गेले. भाऊजी काही बोलले नाहीत, पण स्वेटर घडी घालून कपाटात ठेवताना घडी दोनदा घातली.

बुटांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. घोडबंदर रोडवरून तिने तिच्या मापाचे बर्फाचे बूट आणले होते, छान बसणारे. त्यात दोन लोकरी मोजे घालून ती आत गेली आणि बारा मिनिटांत बोटं बधिर. मला आधी वाटलं बूटच हलके. मग लोडर म्हणाला, "ताई, पाय आवळलाय तुमचा." एक मोजा काढला, तोच बूट, पंचवीस मिनिटं काही झालं नाही. दोन मोज्यांनी आतली हवा आणि रक्त, दोन्हींची वाट बंद केली होती. बूट दुकानात परत देऊन एक नंबर मोठे आणले, एका जाड मोज्यासाठी. दुकानदाराने बदलून दिले, कारण आम्ही ते डांबरावर घातलेच नव्हते.

किरकोळ गोष्टी पुष्कळ कळल्या. पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा बोटं एकत्र ठेवणारा मोजा उबदार, पण त्याने चेन पकडता येत नाही. म्हणून आत पातळ मोजा, वर जाड, आणि प्रत्येक चेनला चार इंचाची नाडी बांधली. जुन्या परकराची नाडी. मोबाइल ६८ टक्क्यांवर असताना बंद पडला आणि बाहेर गरम झाल्यावर पुन्हा जिवंत झाला, तेव्हा तो आतल्या खिशात, अंगाशी. चष्मा बाहेर आल्याआल्या पांढरा. आमच्याकडे तुर्भ्याच्या दमट हवेत तो जास्तच धुरकटला, तिथल्या कोरड्या घरांत तितका नाही, पण सवय झाली की चष्मा लगेच पुसायचा नाही, थांबायचं.

चाचणीत एक मोठी उणीव होती आणि ती मला माहीत होती. चेंबरमध्ये पंख्याचा झोत आहे, वारा नाही. उणे २० ला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे ३३ सारखं लागतं. पंख्यापुढे उभं करून थोडा अंदाज आला : गळा आणि मनगटं उघडी पडतात, बाकी ठीक. म्हणून गळ्यासाठी नळीसारखा लोकरी पट्टा घेतला, जो वर ओढला की नाकापर्यंत येतो. वजन ६० ग्रॅम. त्या बॅगेतली वजनाच्या मानाने सर्वांत कामाची वस्तू.

एक गंमत अशी की ती ज्या गावाला चालली होती तिथल्या डोंगरात जगभरच्या बियाण्यांची तिजोरी आहे, २००८ साली उघडलेली. आत तापमान ठेवतात उणे १८. म्हणजे जवळपास आमच्या मटाराइतकंच. डोंगराचा खडक स्वतः उणे तीन-चारच्या आसपास गोठलेला असतो, बाकी गारवा यंत्राने आणावा लागतो. ध्रुवाजवळ जाऊनही कोणीतरी कॉम्प्रेसरची देखभाल करतोच आहे हे वाचून मला उगाच बरं वाटलं. हैदराबादजवळच्या पटांचेरूच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनेही तिथे बियाणं ठेवलेलं आहे.

खाण्याचा तंटा

जानेवारीअखेर बॅग २७.२ वर होती. बूट पायात घालून जायचं आणि जॅकेट हातात, असं ठरल्यावर ३ किलो ७०० उतरले. स्वेटर आणि जीन्सचे २ किलो. राहिले २१ किलो ५००. दीड किलोची जागा मोकळी दिसल्याबरोबर ताईने डिंकाचे लाडू काढले.

युरोपात भारतातून प्रवाशाच्या सामानातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तुपाची बरणी तर नाहीच. तुपात वळलेला लाडू त्यात मोडतो का, यावर भाऊजी आणि मी अर्धा तास वाद घातला. भाऊजींचं म्हणणं लाडू ही मिठाई, तूप हा घटक. माझं म्हणणं, ज्या वस्तूबद्दल ओस्लोच्या विमानतळावर मराठीतून इंग्रजीत वाद घालावा लागेल ती बॅगेत नको. ताई आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती चिक्की, दडपे पोह्यांसाठी नव्हे तर नुसते खायला भाजके पोहे, मेतकूट, गोडा मसाला आणि लसणाची कोरडी चटणी घेऊन. लोणचं तिने स्वतःच वगळलं. मागे तिच्या जावेच्या बॅगेत दुबईला जाताना बरणी फुटली होती.

दीड किलो बरोबर भरलं. २३ किलो, एक ग्रॅम इकडे नाही तिकडे नाही. मला ते नको होतं. विमानतळाच्या काट्याचा आणि आमच्या काट्याचा मेळ बसेलच असं नाही, किलोभर सूट हाताशी हवी. मी बॅगेत पुन्हा हात घातला आणि येऊरचे रेनकोट-पँट बाहेर काढले. ९०० ग्रॅम.

"मामा, राहू दे की," भाची म्हणाली.

"उणे पंधरात पाऊस कुठून येणार?" मी म्हटलं. बावीस वर्षांत मी चेंबरमध्ये पाऊस बघितलेला नाही.

२२ किलो १०० ग्रॅम. बॅग बंद.

तिथे काय झालं

मुंबई विमानतळावर फेब्रुवारीच्या उकाड्यात गुडघ्याखालपर्यंतचे बर्फाचे बूट घातलेली मुलगी बघून लोक हसले, सुरक्षा तपासणीत ते काढून ट्रेमध्ये ठेवावे लागले, पण बॅग निर्धास्त गेली. हातातल्या बॅगेत एक थर्मल जोड, औषधं चिठ्ठीसकट, कागदपत्रं आणि पॉवर बँक. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही. निघायच्या आधी दात तपासून एक दाढ भरून घेतली होती. गावात छोटं रुग्णालय आहे, मोठं काही झालं तर ट्रॉम्सोला विमानाने नेतात, तेव्हा दाढेची जोखीम घ्यायची नाही हा भाऊजींचा आग्रह, आणि योग्यच.

ती पोचली त्याच्या तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. मागे काळपट निळा उजेड, दुपारचे दोन. सूर्य क्षितिजावर यायला नुकती सुरुवात झालेली, पण गाव डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे ऊन ८ मार्चच्या सुमारास पहिल्यांदा पोचतं. त्या दिवशी गावकरी जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशी जमून त्याची वाट बघतात. कॉलवर मी पहिला प्रश्न विचारला, "किती आहे पारा?"

"अधिक दोन," ती म्हणाली. "आणि मामा, पाऊस पडतोय."

मी गप्प बसलो. ताईने फोन घेतला.

ही गोष्ट मला माहीत असायला हवी होती. स्वालबार्ड पृथ्वीवरच्या सर्वांत वेगाने तापणाऱ्या जागांपैकी एक आहे. भर हिवाळ्यात दक्षिणेकडून उबदार ओली हवा येते, पाऊस पडतो, आणि पारा परत खाली गेला की त्या पाण्याची जमिनीवर काच होते. २०२५ च्या फेब्रुवारीत तर तिथे गेलेल्या शास्त्रज्ञांना बर्फाऐवजी पाण्याची डबकी भेटली. त्याच जागेचा नीचांक १९८६ च्या मार्चमधला उणे ४६.३ आहे. मी तो आकडा पाठ केला होता. नीचांक पाठ करणारा माणूस पावसाची तयारी करत नाही.

तिचं ते वारा अडवणारं जॅकेट पिसांचं होतं. पिसं ओली झाली की गोळा होतात आणि ऊब जाते. पहिला आठवडा ते वाळवायच्या कपाटातच राहिलं आणि ती फ्लीसवर एका सहकारी मुलीचं जुनं रबरी जॅकेट घालून खोली ते हॉटेल करत राहिली. मग पारा उणे आठवर उतरला, रस्ते आरशासारखे झाले. बुटाला लावायचे लोखंडी काटे आम्ही नेलेच नव्हते. ते आमच्या यादीत कुठेच नव्हते, कारण यादी थंडीची होती, घसरण्याची नव्हती. आणि मी, ज्याच्या डॉकवर निसरड्या फरशीवर रोज मीठ मारलं जातं, त्याने ही गोष्ट विसरावी! तिने तिथे काटे विकत घेतले. किंमत सांगितल्यावर भाऊजींनी रुपयांत करून बघितली आणि पुन्हा विचारली.

पडली मात्र नाही.

जे कामी आलं, जे नाही

खरी थंडी मार्चमध्ये आली, उणे बावीस, वर वारा. तेव्हा तुर्भ्याची बांधणी उभी राहिली. थर्मल, फ्लीस, वाऱ्याचं जॅकेट, एका मोज्याचे बूट. कपडे पुरले, उलट एक फ्लीस तर जास्तच झाला. ड्युटी संपल्यावर घामेजलेली ती लगेच बाहेर पडत नाही, आत कोरडं थर्मल बदलते, मग दार उघडते. ही सवय चेंबरमधली.

आजीचे विणलेले मोजे मी वजन करून, ११० ग्रॅम, जवळजवळ काढले होते. लोकर म्हणून विकली जाते ती बरीचशी ॲक्रिलिक असते, ती उणे वीसमध्ये काय कामाची, असा माझा तर्क. पण लाँगइयरब्येनमध्ये हॉटेलात, संग्रहालयात, बऱ्याच ठिकाणी शिरताना बूट काढायची पद्धत आहे. खाणकामगारांच्या बुटांवर कोळशाची भुकटी असायची, तेव्हापासूनची. गावच मुळात कोळशावर वसलं, १९०६ साली, लाँगइयर नावाच्या अमेरिकन खाणमालकाच्या नावाने. २०२३ मध्ये तिथलं कोळशावरचं वीज केंद्र बंद झालं, पद्धत मात्र राहिली. तेव्हा दिवसभर लोकांसमोर पायांत मोजेच. आजीचे मोजे, एक जांभळा-पांढरा आणि एक हिरवा, हॉटेलभर प्रसिद्ध झाले. आपल्याला उंबऱ्याशी चप्पल काढायची सवय जन्माची, तरीही आमच्यापैकी कोणाला घरात घालायच्या सपाता बॅगेत टाकायचं सुचलं नाही.

खोबरेल तेलाची बाटली मध्येच फसली. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, खोली बाविसाची. अरुंद तोंडाच्या बाटलीतून ते निघेना, ती रोज सकाळी बाटली गरम पाण्यात बुडवून ठेवायची. रुंद तोंडाचा डबा न्यायला हवा होता. तेल मात्र लागलं भरपूर : हवा कोरडी, त्यात किचनमध्ये दिवसातून चाळीसदा हात धुवायचे, बोटांच्या पेरांना भेगा. व्हॅसलिनची छोटी डबी दोन आठवड्यांत संपली. याचा अंदाज आम्हाला आला नाही, कारण नवी मुंबईत कातडी कोरडी पडणं ही कल्पनाच आम्हाला नाही.

हेडलाइट, म्हणजे डोक्याला लावायचा दिवा, फेब्रुवारीत रोज लागला आणि मार्चनंतर एकदाही नाही. एप्रिलच्या वीस तारखेच्या सुमारास सूर्य मावळायचाच थांबला, तो ऑगस्टच्या तेवीसपर्यंत वरच असतो. पडदा जाड होता पण कडेने उजेड यायचा. डोळ्यांची पट्टी आम्ही घेतली नव्हती. ताईने हट्टाने घातलेली काळी ओढणी चार घड्या करून डोळ्यांवर, साठ रात्री नव्हे, पण चाळीसएक तरी. त्या ओढणीवरून ताई मला अजून ऐकवते. काळा चष्मा आणि सनस्क्रीन मात्र योग्य होतं. बर्फावरून उलटलेल्या उन्हात पहिल्याच सुट्टीत तिची हनुवटी खालून भाजली होती, कारण सनस्क्रीन तिने कपाळाला लावलं आणि हनुवटीखाली नाही.

चार्जरचं कोडं सोपं निघालं. मोबाइलचा आपला दोन गोल पिनांचा चार्जर तिथल्या प्लगमध्ये सरळ बसतो. तीन पिनांचं काही नेलं नाही.

अस्वलाची विचारपूस आजी दर रविवारी करायची. वस्तीबाहेर जायचं तर अस्वलापासून बचावाची साधनं, म्हणजे बंदूक वगैरे, सोबत लागतात, आणि ते काम वाटाड्याचं. भाची वाटाड्याशिवाय वस्तीबाहेर गेली नाही, त्यामुळे या विषयाला बॅगेत जागा लागली नाही. आजीला हे पटायला एप्रिल उजाडला.

खाण्यात मेतकूट आणि गोडा मसाला सर्वांत आधी संपले. भात तिथे मिळतो, मेतकूट मिळत नाही. चिक्की तिने वाटली. भाजके पोहे परत आले, अर्धे.

परतीचा काटा

मेच्या शेवटच्या आठवड्यात ती आली, दोन प्रवेशांचा व्हिसा ट्रॉम्सोला मुकाट्याने चालला. मी ऐरोलीला गेलो तेव्हा बॅग अजून उघडलेली नव्हती. मी ती तशीच ट्रान्स-हार्बर लोकलने तुर्भ्याला नेली आणि डॉकच्या काट्यावर ठेवली. भाचीला ते येडेपणाचं वाटलं. १९ किलो ६००. त्यातून एकदाही न वापरलेलं असं काढलं : दुसरी जीन्स, एक फ्लीस, एक कॉटनचा कुर्ता, जाड मोज्यांचे दोन जोड, गरम पाण्याची पिशवी. सगळं मिळून २ किलो ७००. म्हणजे रेनकोट-पँट तीनदा बसले असते.

पिसांचं जॅकेट आता आमच्या चेंबरच्या दाराबाहेर खुंटीला टांगलेलं असतं. भाचीने ते लोडरला दिलं. तो ते घालत नाही, त्याचा फुटबॉलचा टीशर्ट आणि कंपनीचा सूट त्याला पुरतो, पण कोणी पाहुणा आत जायचा असला तर त्याला देतो.

भाचीला त्याच हॉटेलने पुढच्या फेब्रुवारीसाठी पुन्हा बोलावलंय. तिने स्वतः यादी करून मला पाठवली आहे, फक्त काट्यावर ठेवायचं काम माझ्याकडे. वरून पहिली ओळ : येऊरचा रेनकोट, पँटसकट. दुसरी : बुटाचे काटे. तिसऱ्या ओळीत डिंकाचे लाडू आहेत, पुढे प्रश्नचिन्ह, आणि त्यापुढे कंसात "बाबांना विचारू नकोस".